आवाज कापायची कात्री कोणाची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

रेवसहून बोलतेय. मासळी सुकवताना, चुलीपाशी, गटाच्या बैठकीला जाताना, जिथे असाल तिथे कान इकडे द्या. आज विषय जरा वेगळा आहे.

तुम्ही आत्ता जो माझा आवाज ऐकताय, तो माझ्या तोंडातून सरळ तुमच्या कानात आलेला नाही. आधी तो रेकॉर्ड झाला. मग त्यातला खोकला कापला, मागे ओरडणारा कोंबडा कापला, मी एकच वाक्य दोनदा बोलले होते त्यातलं एक कापलं. जिथे आवाज बारीक होता तिथे तो वाढवला. हे सगळं ज्या कात्रीनं होतं ती कोणी घडवली, आपल्या हातात फुकट कशी आली, आणि तिला धार लावायच्या कामात आपल्यातली एखादी मुलगी कशी शिरू शकेल, हे आज सांगायचं आहे.

सुरुवात जरा मागून करते. उषा मेहतांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1942 च्या ऑगस्टमध्ये, खाडीच्या पलीकडे मुंबईत, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पकडले जाऊ नये म्हणून जागा सारख्या बदलायच्या. 12 नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा उषाताई जेमतेम 22 वर्षांच्या होत्या. सरकारच्या परवानगीशिवाय हवेत आवाज सोडणं हा गुन्हा होता. स्वातंत्र्य आलं, पण हवा काही आपली झाली नाही. आकाशवाणी बोलायची, आपण ऐकायचं. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश होते. त्यानंतरही अकरा वर्षं गेली. 2006 च्या नोव्हेंबरात सरकारनं नवं धोरण आणलं आणि गावातल्या संस्थांना, शेतीच्या केंद्रांना स्वतःचा छोटा रेडिओ चालवायची मुभा मिळाली. 100 वॅटची ताकद, आणि निदान निम्मे कार्यक्रम त्या गावच्या लोकांच्या सहभागातून झालेले, अशा अटी होत्या. माणदेशात म्हसवडला, चेतनाताई सिन्हांच्या संस्थेनं 2008 मध्ये माणदेशी तरंग वाहिनी सुरू केली ती याच धोरणावर.

हवा आपली झाली. पण कात्री?

जुन्या काळी ही कात्री खरोखर पात्याची असायची. आवाज चुंबकाच्या लांब फितीवर असायचा. नको तो तुकडा रेडिओतला माणूस ब्लेडनं कापायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायचा. एकदा कापलं की कापलं. मशीन महाग, फीत महाग, आणि ते करणारा माणूस शहरातच.

मग कॉम्प्युटर आला, आणि आवाजाचे आकडे झाले. हे कसं, ते सांगते. आपल्या धक्क्याच्या खांबाकडे बघा. भरती-ओहोटीची खूण त्यावर असते. समजा, कोणी खांबाजवळ वही घेऊन बसलं आणि दर मिनिटाला पाणी किती चढलं ते लिहीत गेलं. संध्याकाळी त्या आकड्यांवरून दिवसभराची भरती जशीच्या तशी कागदावर काढता येईल. आवाज ही हवेतली भरती-ओहोटीच, फक्त फार वेगवान. म्हणून कॉम्प्युटर एका सेकंदात 44,100 वेळा पातळी लिहून ठेवतो. सीडीवरचं गाणं असंच असतं. एकदा आवाजाचे आकडे झाले की कापणं म्हणजे वहीतल्या ओळी खोडणं, आणि चूक झाली तर खोडलेलं परत आणता येतं. ब्लेडला ते जमत नव्हतं.

आकड्यांची ही वही चालवणारं सॉफ्टवेअर मात्र सुरुवातीला विकतच मिळायचं, आणि भाव आपल्या गटाच्या वर्षाच्या बचतीएवढा. त्यामुळे आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदार कॉम्प्युटर देताना म्हणायचा, "ताई, सगळं टाकून दिलंय, फुकट." ते फुकट नव्हतं, चोरीचं होतं. बिघडलं तर कोणाला विचारायची सोय नाही, नवीन रूप आलं तर ते मिळत नाही, आणि वर मनात धाकधूक. फुकट आणि चोरीचं यातला हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट खऱ्या फुकटाची आहे.

त्या गोष्टीची सुरुवात एका अडकलेल्या कागदापासून होते. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना कॉम्प्युटरवर निरोप जावा, अशी सोय त्यानं स्वतः लिहिली होती. मग नवीन प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या ओळींनी लिहिलेला असतो त्या मूळ ओळी, कंपनीनं दिल्याच नाहीत. दुसऱ्या एका विद्यापीठात कार्नेगी मेलनमध्ये एकाकडे त्या आहेत असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्यानं सांगितलं, मी न देण्याचं वचन दिलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर जाळं विकलं, पण फाटलं तर शिवायला मनाई. कोळ्याच्या घरात असं जाळं कोणी घेईल का? 1983 मध्ये स्टॉलमननं जाहीर केलं की तो असं सॉफ्टवेअर बनवणार जे कुणालाही वापरता येईल, उघडून बघता येईल, बदलता येईल आणि वाटता येईल. 1989 मध्ये त्याचा परवाना तयार झाला. त्यातली गोम अशी: तुम्ही बदल करून पुढे वाटलंत, तर तुमचा बदलही तसाच उघडा ठेवायचा. घेणाऱ्यानं पुढे कुलूप लावायचं नाही.

'ओपन सोर्स' हा शब्द मात्र पुढे 1998 मध्ये आला, आणि तो सुचवला क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी. याचे लेख लिहिताना लोक पुरुषांची नावं भराभर सांगतात आणि हे नाव विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता आपली कात्री. तिचं नाव ऑडॅसिटी, म्हणजे धाडस. गंमत बघा, ती जन्मली कुठे? त्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात, जिथे वीस वर्षांपूर्वी स्टॉलमनला 'देणार नाही' असं ऐकावं लागलं होतं. 1999 मध्ये तिथे डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक रॉजर डॅननबर्ग आवाजाच्या अभ्यासावर काम करत होते. त्यांना रेडिओचं सॉफ्टवेअर बनवायचं नव्हतंच. आपण लिहिलेलं गणित आवाजावर नीट चालतंय का, हे डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांना आवाजाची नागमोडी रेघ पडद्यावर हवी होती. बनवलं, आणि मे 2000 मध्ये सोर्स कोडसकट सगळ्यांसाठी खुलं केलं. मग कुणी ती रेघ कापायची सोय घातली, कुणी गोंगाट कमी करायची, कुणी दुसऱ्या भाषा. दोघांच्या अभ्यासाचं साधन जगभरातल्या शाळा, गायक आणि छोट्या रेडिओ केंद्रांची कात्री होऊन बसलं.

पण रस्ता सरळ नव्हता. कात्री खुली असली तरी तयार झालेला आवाज बंद करून ठेवायची पेटी खुली नव्हती. एमपी थ्री ही पेटी तुम्हाला माहीत आहे, मेमरी कार्डातली गाणी त्यातच असायची. तिच्यावर पेटंट होती. 1998 मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं एमपी थ्री बनवणारे प्रोग्रॅम फुकट लिहिणाऱ्यांना पत्रं पाठवली, की पैसे भरा. त्यामुळे कितीतरी वर्षं ऑडॅसिटीत एमपी थ्री काढायचं तर लेम नावाचा एक तुकडा वेगळा उतरवून जोडावा लागायचा. नवख्या बाईचं घोडं तिथंच अडायचं. एमपी थ्रीचा तो परवान्याचा कारभार एप्रिल 2017 मध्ये संपला, आणि 2019 पासून ही सोय आतच आली.

त्या पत्रांचा एक चांगला परिणामही झाला. ख्रिस माँटगोमेरी आणि त्यांच्या झिफ या संस्थेनं ठरवलं की आपण पेटीच खुली बनवू. 2002 मध्ये व्हॉर्बिस आली. तीच वाट पुढे चालत 2012 मध्ये ओपस आली. तुम्ही म्हणाल, ही नावं आम्ही कधी ऐकली नाहीत. पण वापरता रोज! व्हॉट्सॲपवर गटात बोट दाबून तुम्ही जो आवाजी निरोप धाडता, तो ओपसच्या पेटीतून जातो. करंजाच्या बहिणीला बोंबलाचा भाव सांगणारा तुमचा आवाज पेटंटचा एक पैसाही न भरता खाडी ओलांडतो, तो या खुल्या कामामुळे.

2021 मध्ये ऑडॅसिटीवर वादळ आलं. म्यूज ग्रुप नावाच्या कंपनीनं ती विकत घेतली. आता उघड्या वस्तूची विक्री ती काय, असं वाटेल. पण नाव आणि मुख्य कारभार विकला जाऊ शकतो, कोड मात्र सगळ्यांचाच राहतो. कंपनीनं सुरुवातीला ठरवलं की लोक सॉफ्टवेअर कसं वापरतात याची माहिती गोळा करायची. लोक भडकले. कंपनीनं तो बेत मागं घेतला. मग जुलैमध्ये खासगी माहितीबद्दलची नवी नियमावली आली आणि पुन्हा गदारोळ झाला, पुन्हा दुरुस्ती झाली. दरम्यान काही जणांनी कोडची प्रत घेऊन टेनॅसिटी नावाची वेगळी कात्रीच काढली. मला यात कंपनीला शिव्या द्यायच्या नाहीत. पगारी माणसं लागल्यावर ऑडॅसिटीत चांगल्या सुधारणाही झाल्या आहेत. पण तुमचं-माझं सॉफ्टवेअर बंद डब्यातलं असतं, तर आपण भडकून काय केलं असतं? कोड उघडा होता म्हणून लोकांना 'आम्ही वेगळे निघतो' असं म्हणता आलं, आणि म्हणून कंपनीला ऐकावं लागलं. बचत गटात हिशोबाची वही सगळ्यांसमोर उघडी असते ना, तसंच हे.

हे सगळं अमेरिकेत झालं, आपल्या मराठीत काय? आहे, बरंच आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या मदतीनं स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा केला. खुल्या सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि ते मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत बोललेले. धडा ऐकायचा, थांबवायचा, आपल्या कॉम्प्युटरवर तेच करून बघायचं. मास्तर जवळ नसला तरी चालतं. या धड्यांत ऑडॅसिटीवरचेही आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसलं तरी बघता येतात. निसर्ग वादळात, 2020 च्या जूनमध्ये, आपल्याकडे काय अवस्था झाली होती ती आठवा, म्हणजे बिननेटच्या धड्याची किंमत कळेल. तिकडे पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून लिनक्सचे मेनू मराठीत आले. ऑडॅसिटीच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे.

पण भाषांतर हे एकदा करून संपणारं काम नव्हे. दर नव्या रूपात नवे शब्द येतात, आणि ते मराठीत कोणीतरी आणावे लागतात. आणि कसे आणायचे, यात खरी मेख आहे. 'एक्स्पोर्ट' या बटणाला शब्दकोशातला शब्द 'निर्यात'. आता रायगडातल्या बाईला निर्यात म्हटलं की बर्फात घातलेली कोळंबी आठवते! 'फाइल बाहेर काढा' म्हटलं तर लगेच कळेल. गाणं हळूहळू बारीक होत संपतं, त्याला 'फेड आउट' म्हणतात. त्याला आपण काय म्हणू? 'विरव'? 'मावळव'? हे ठरवायला इंजिनियर कशाला लागतो? आपण लागतो.

म्हणून ज्या मुलींना या कामात शिरायचं आहे त्यांना माझं सांगणं असं, की पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम लिहायला बसू नका. आधी सॉफ्टवेअर वापरा, आणि ते जिथे अडेल तिथे वहीत लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक किती होता. एवढ्या चार गोष्टी साध्या, मोडक्या इंग्रजीत लिहून कळवल्या तरी ते योगदान धरलं जातं, आणि चांगलं धरलं जातं. आपल्याकडचा जुना कॉम्प्युटर, कमी-जास्त होणारी वीज, पंख्याचा आणि समुद्राचा आवाज, हे सगळं परदेशातल्या प्रोग्रॅमरच्या घरात नसतं. तिथं न दिसणारा दोष इथं दिसतो. पुढची पायरी भाषांतराची. त्यानंतर जिला गणिताची गोडी आहे तिनं नायक्विस्टकडे वळावं. ही डॅननबर्ग सरांनीच बनवलेली छोटी भाषा ऑडॅसिटीच्या पोटातच आहे. भरपूर कंस असलेली भाषा आहे, पहिल्यांदा बघून हसू येतं. पण 'हा पट्टा अर्ध्याने गुण' एवढी एक ओळ लिहिली की आवाज निम्मा होतो, आणि आपण स्वतः लिहिलेलं आपल्याच कानांनी ऐकू येतं. ऑडॅसिटीचा मुख्य सांगाडा सी प्लस प्लस या भाषेत आहे. ती अवघड आहे, वर्ष-दोन वर्षं मागते. कॉलेजात कॉम्प्युटर घेतलेल्या मुलीनं तिकडे जावं. तिनं पाठवलेला बदल कुणीतरी अनोळखी माणूस तपासतो, प्रश्न विचारतो, परत पाठवतो. पहिल्या फेरीत स्वीकारला जाणं दुर्मीळच. हुंड्याच्या बोलणीसारखं मनाला लावून घेऊ नये, पुन्हा पाठवावं.

आता एक कडू प्रश्न. ही सगळी कामं बहुतेक बिनपैशाची आहेत. बाईला फुकट राबायला शिकवावं लागत नाही, पहाटेपासून तेच चालू असतं. मग हे आणखी कशाला? मला वाटतं हा प्रश्न विचारायलाच हवा. 2006 मध्ये नोम या खुल्या प्रकल्पानं उन्हाळी कामासाठी मुलांचे अर्ज मागवले. त्यात पैसे मिळणार होते. 181 अर्ज आले, त्यात एकही मुलीचा नव्हता. त्यांनी मग फक्त मुलींसाठी वेगळी जाहिरात दिली, तीन जागांची. शंभरावर अर्ज आले आणि तीनऐवजी सहा मुली घेतल्या. म्हणजे मुली होत्या. त्यांना बोलावणं नव्हतं, एवढंच. तोच उपक्रम पुढे आउटरीची झाला. आज तो खुल्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं येणाऱ्या, मागे राहिलेल्या गटांतल्या लोकांना काही महिन्यांचं मानधन देऊन काम शिकवतो, आणि ते काम घरी बसून करता येतं. कॉलेजातल्या मुलींच्या आयांनो, हे नाव लिहून ठेवा.

आणखी एक काम आहे ज्याला कॉम्प्युटर यावा लागत नाही, फक्त जीभ लागते. मोबाइलला आपण बोलून विचारतो तेव्हा त्याला पुण्याचं पुस्तकी मराठी बरं कळतं, आपलं कोळी-आगरी वळण कळत नाही. कारण शिकवताना त्याला आपले आवाज ऐकवलेलेच नाहीत. काही संशोधकांनी मराठीत प्रयोग करून पाहिला. गावातली कमी उत्पन्नाची माणसं, शहरातली तशीच माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. 2020 मध्ये त्याचा निष्कर्ष आला: गरीब माणसांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं होतं. तिथे कामाचे पैसे दिले होते. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्येही मराठी आवाज देता येतो, पण तिथे पैसे नाहीत आणि दिलेला आवाज कुणीही, कंपनीसुद्धा, वापरू शकते. दोन्हींत वाईट काही नाही. पण आपला आवाज कुणाला, कशासाठी देतोय आणि त्याचं मोल काय, हे गटात बसून ठरवा, मग द्या.

जाता जाता एक काम तुम्हालाच सांगते. कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत जुन्या कॅसेट पडून आहेत. कुणाच्या आजीची लग्नातली गाणी, कुणाच्या सासूचं नारळी पुनवेचं गाणं. खाऱ्या हवेत ती फीत बुरसते, चिकटते. कॅसेट आधी पेन घालून एकदा पुढे, एकदा मागे गुंडाळून घ्या. टेपच्या इयरफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या आवाज आत घ्यायच्या भोकात साधी वायर लावा, ऑडॅसिटीत लाल गोल बटण दाबा आणि टेप चालू करा. तासाची कॅसेट तासभरच घेईल, घाई चालत नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसती खरखर असेल, ती कापू नका, तिचा नमुना दाखवला की सॉफ्टवेअर उरलेली खरखर कमी करतं. मध्येच लाँचचा भोंगा आला असेल तर तो मात्र असा निघत नाही, कारण तो एकसारखा नसतो. झालं की फ्लॅक नावाच्या खुल्या पेटीत ठेवा, तिच्यात आवाजाचा कणही गळत नाही. आणि फाइलच्या नावात गाणारीचं नाव, गाव आणि साल घाला. साल नक्की माहीत नसेल तर घरात कोणाच्या लग्नातलं ते लिहा.